मेलेल्यांनो, हसा!

मी सिनेमातली मेलेली माणसं रंगवते. जखमा, सुकलेलं रक्त, निळे पडलेले ओठ, सगळं माझ्या हातचं. थायलंडातल्या अयुथ्याजवळच्या त्या जुन्या खंदकाकाठी आम्ही चित्रीकरणाला गेलो, तेव्हाही काम नेहमीचंच होतं. ब्रह्मदेशी फौजेशी झालेली जुनी लढाई आणि तिच्यात पडलेले शिपाई पुन्हा उठतात, असली भुताटकीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ थवी त्यात प्रेत झाला होता, पहिल्यांदाच.

"ताई, जखम जरा खाली काढ गं. चेहरा झाकलास तर पोरी ओळखणार कशा?"

"मेल्या, प्रेताकडं कोण पोरगी बघते?" म्हणत मी त्याच्या गळ्यावर लाल रंग ओढला.

आमच्याकडं एक रीत आहे. पडद्यावर मेलेल्यानं उठण्याआधी कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. एकेकाचं नाव घेऊन हसवतात. न हसता उठला, तर ते खोटं मरण त्याच्या अंगाला चिकटतं.

त्या दिवशी धुराचं यंत्र केव्हाच बंद केलं होतं, तरी खंदकातून पांढरं धुकं येतच राहिलं. कमळाच्या कुजक्या देठांचा वास सुटला होता. आमची माणसं गवतात विखरून पडलेली. इतकं शांत वाटत होतं, की मलाही त्यांच्यात जाऊन आडवं व्हावंसं वाटलं.

प्रसंग संपला. दिग्दर्शक पिचित घाईत होते. "उजेड चाललाय. नावंबिवं नकोत, एकदमच उरकू."

"असं करू नका साहेब... रीत आहे."

"माझ्या आजीसारखी बोलू नकोस, रुआन." त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "मेलेल्यांनो, हसा!"

मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत होते. आधी जवळची माणसं उठून बसली, हसली. मग मागची. मग त्यांच्याही मागे, खंदकापलीकडं, जिथं आम्ही कुणालाच झोपवलं नव्हतं, तिथं रांगाच्या रांगा धुक्यातून सावकाश उठून बसल्या. त्यांचे दात तेवढे दिसत होते. कुणीच ओरडलं नाही. खरं सांगते, बघत राहावं असं होतं ते.

फक्त थवी उठला नाही.

मी चिखल तुडवत धावले. तो खंदकाच्या कडेला पालथा पडला होता, अंग थंडगार. मी त्याला उताणा केला.

"थवी, हस रे... सोन्या, एकदाच हस..."

काखेत गुदगुल्या केल्या, थोबाडीत दिली, हाका मारमारून घसा बसला. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. कितीतरी वेळानं त्याचे ओठ हलले आणि तो हसला, अगदी तोंडभर. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आणून खोबरेल तेलानं त्याचा चेहरा पुसला. रंग उतरला, चिखल उतरला, पण हसू काही उतरेना. पुढ्यात भात ठेवला, तसा त्यानं हात जोडून मला नमस्कार केला.

"उठवलंत, उपकार झाले बाई." आवाज थवीचाच होता. "फार काळ पडून होतो... पण तुमच्या भावाला तिथंच का ठेवलंत? माझ्या शेजारीच तर होता... तुमच्या प्रत्येक हाकेला ओ देत होता."