चाळीस अंशांवरची बाटली

डुफी अँतविवाने बाटलीचं टोपण उघडलं आणि खोलीभर व्हिनेगरचा आंबट वास पसरला.

"या माझ्या ॲस्पिरिनच्या गोळ्या," ती म्हणाली. "शुक्रवारी ठणठणीत होत्या. सोमवारी सकाळी अशा."

सार्जंट बोआडू नाकावर रुमाल धरून मागे सरकला. पोलिसातून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती, पण खून नाही आणि चोरीही नाही, अशा प्रकरणात त्याचं मन अजून रमत नसे. त्यातून हरमाटन सुरू झालेला. उत्तरेच्या वाळवंटाकडून येणाऱ्या त्या कोरड्या वाऱ्यानं टेचिमन गावाची पार रया घालवली होती. बोआडू दर तासाला ओठांना शिया बटर चोळायचा, तरी ओठ फुटायचे ते फुटायचेच.

अराबा क्वान्साने मात्र एक गोळी उचलून शांतपणे हुंगली. तीस वर्षं तिनं सरकारी औषध निरीक्षक म्हणून काढली होती. आता ती बोआडूला जोडीला घेऊन खासगी तपास करायची आणि सगळं गाव तिला आंटी अराबा म्हणायचं.

"ॲस्पिरिनला ओल लागली की असा वास येतो," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

डुफी ओफेमा विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. सहा आठवड्यांपूर्वी तिनं एकाच पावडरीच्या, एकाच यंत्रावर गोळ्या पाडल्या. गोळी बांधायला वापरलं होतं कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, नवं स्टार्च. तिचे मार्गदर्शक डॉ. एझोनला यांचा तो शोध. गोळ्यांच्या तिनं दोन बाटल्या केल्या. एक ठेवली डेसिकेटरमध्ये, म्हणजे तळाशी ओल शोषणारे निळे खडे घातलेल्या हवाबंद काचेच्या भांड्यात. दुसरी दमट कपाटात, चाळीस अंशांवर आणि भर पावसाळ्याएवढ्या ओलीत. कोरड्यातल्या गोळ्यांशी दमटातल्या ताडून पाहायच्या आणि नवं स्टार्च किती टिकतं ते ठरवायचं, एवढाच तो प्रयोग. सोमवारपर्यंत गोळ्यांना हात लावायचा नव्हता. शुक्रवारी तिनं फक्त डेसिकेटरचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं होतं. काच स्वच्छ आणि खडे निळे होते.

"सोमवारी झाकण बाजूला सरकलेलं. खडे गुलाबी, म्हणजे ओलीने भरलेले. आणि गोळ्या या अशा. सगळे म्हणतात, मीच झाकण उघडं टाकलं."

"आणि दमट कपाटातल्या?"

"त्या चांगल्या आहेत. तेवढं तरी नशीब."

नशीब तेवढ्यावरच थांबलं होतं. गुरुवारी चौकशी समिती बसायची होती. निष्काळजीपणा सिद्ध झाला की पदवी एक वर्ष लांबणीवर. शिवाय टेमा इथल्या एका औषध कंपनीच्या तपासणी विभागात डुफीला नोकरी मिळणार होती, तीही गेलीच. सांगता सांगता तिनं बाटलीचं टोपण पुन्हा लावलं आणि बोआडूला आपण नाक दाबल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रयोगशाळेत पोचले. खोलीच्या किल्ल्या तीन. एक डॉक्टरांकडे, एक प्रयोगशाळा साहाय्यक इस्साहाकूकडे आणि तिसरी कार्यालयात, नोंद करून विद्यार्थ्यांना मिळणारी. नोंदवहीप्रमाणे डुफीनं शुक्रवारी पाचला किल्ली परत केली होती. शनिवारी आठ ते एक ती किल्ली सेलासी या विद्यार्थ्याकडे होती. रविवारी कार्यालयाला कुलूप.

बोआडूने अराबाला कोपराने खुणावलं. सेलासी वर्गात दुसरा होता.

सेलासी सरळ बोलला, जरा जास्तच सरळ. "ती पडली तर मी पहिला येतो, आंटी. लपवू कशाला? पण शनिवारी मी माझं मलम घोटत बसलो होतो. त्या भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"बघितलं नाहीस, मग झाकण बंद होतं की उघडं, तेही माहीत नसेल?"

"नाही." त्यानं नजर खाली वळवली. बोआडूच्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं.

इस्साहाकूनं त्या खोलीत सतरा हरमाटन काढले होते आणि तिथल्या प्रत्येक काचेवर त्याची नजर होती. अराबानं खड्यांबद्दल विचारताच तो करवादला. पावसाळ्यात हे खडे दर आठवड्याला भाजून पुन्हा निळे करावे लागतात, हल्ली महिना महिना हात लावावा लागत नाही. या वर्षी हे मध्येच कुठून काम निघालं, असं त्याचं म्हणणं.

दमट कपाटाच्या दारावर एक गोल कागद हळूहळू फिरत होता. त्यावर एक पेन आतली उष्णता रेघेनं आठवडाभर लिहीत असे. अराबानं काढून ठेवलेला मागच्या आठवड्याचा कागद मागितला. सरळ रेघेत रविवारी अकराच्या सुमारास एक खाच पडली होती.

"वीज गेली असेल," इस्साहाकू म्हणाला. "ती काय रोजच जाते."

हे बोआडूला पटलं. अराबा शेजारच्या लशींच्या फ्रिजकडे गेली. त्याचाही असाच गोल कागद होता. त्या आठवड्याची त्याची रेघ आरशासारखी सपाट होती. तिनं दोन्ही कागद मागून घेतले.

डॉ. एझोनला दाराशीच हसतमुखानं भेटले. ते मूळचे किनाऱ्यावरच्या ॲक्झिमचे, शिकले तिथेच जवळ आणि नोकरीही तिकडेच केली. टेचिमनला आले ते गेल्या पावसाळ्यात. ओठांना रक्त आलं होतं ते टिपत ते म्हणाले, "पहिलंच वर्ष माझं. ही हवा आहे की सुरी?" बोआडूने आपली शिया बटरची डबी पुढे केली. त्याला हा माणूस आवडला.

डुफीबद्दल डॉक्टरांना कळवळा होता. गुणी मुलगी, पण दमट दिवसांत झाकण उघडं राहिलं की हे व्हायचंच, असं ते म्हणाले. तिनं चूक कबूल केली तर शिक्षा नको म्हणून ते स्वतः समितीपुढे शब्द टाकणार होते.

"नोकरीचं काय?" अराबानं विचारलं.

"तीही जाणार नाही. कंपनीला माझं स्टार्च हवं आहे आणि ते हाताळणारं माणूस. सहा आठवडे चाळीस अंशांवर, आणि गोळीला वास नाही. एवढं पुरे आहे त्यांना. मी कालच कळवलं."

बाहेर आल्यावर बोआडू म्हणाला, "भला माणूस. पोरीनं कबूल करून टाकावं."

"तुम्ही दहा वर्षं चोर पकडले, सार्जंट?"

"बावीस."

"मग इतकं सोपं कबुलीपत्र कोणी कधी मागितलं होतं, ते आठवा," अराबा म्हणाली आणि वाटेवरच्या बाईकडून दोघांसाठी वाचे बांधून घेऊ लागली. भात-चवळीचा तो गरम पुडा तिनं बोआडूच्या हातात दिला.

गुरुवारी समिती प्रयोगशाळेतच बसली. विभागप्रमुख प्रोफेसर ग्यामेरा मध्ये, आजूबाजूला बाकीचे. टेबलावर दोन बाटल्या. अराबानं दोन्हींतली एकेक गोळी चुरडली आणि प्रत्येकीवर लोहाच्या पिवळ्या द्रावणाचा थेंब टाकला. डेसिकेटरमधली गोळी वांग्यासारखी जांभळी झाली. दमट कपाटातल्या गोळीवर जेमतेम छटा आली.

"जांभळा रंग म्हणजे बिघडलेलं ॲस्पिरिन, हे तुम्हाला मी सांगायला नको," अराबा म्हणाली. "इतकं गडद व्हायला किती दिवस लागतात, मॅडम?"

प्रोफेसर ग्यामेरा वाकून पाहत होत्या. "उष्णता आणि ओल असेल तर काही आठवडे."

"आणि या गोळ्यांकडे होते शुक्रवार ते सोमवार. तेही हरमाटनमध्ये. या हवेत आपल्या सगळ्यांचे ओठ फुटलेत. महिनाभर हे भांडं उघडं राहिलं तरी खडे निळेच राहतात, हे इस्साहाकू सांगेल. मग गुलाबी कसे झाले? कोणीतरी मुद्दाम ओल दिली. झाकण उघडं राहिलं, हे नाटक पटावं म्हणून."

अराबानं दोन्ही बाटल्या एकमेकींजवळ सरकवल्या.

"इथे सहा आठवडे उष्णतेत आणि ओलीत काढलेली बाटली एकच होती, कपाटातली. म्हणजे वास मारणाऱ्या गोळ्या कपाटातल्या आहेत आणि कपाटात सापडलेल्या कोरड्यातल्या. दोन बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल झाली. आपण सगळे बिघडलेल्या गोळ्यांकडे बघत बसलो. न बिघडलेल्या का बिघडल्या नाहीत, हे कोणी विचारलं नाही."

तिनं दोन्ही गोल कागद शेजारी ठेवले. वीज गेली असती तर फ्रिजच्या रेघेलाही खाच पडली असती. ती फक्त कपाटाला होती, म्हणजे रविवारी अकराला कपाटाचं दार उघडलं गेलं. त्या दिवशी विद्यार्थ्यांची किल्ली कार्यालयात कुलूपबंद होती. सेलासी सुटला आणि डुफीही. उरल्या दोन किल्ल्या.

"इस्साहाकूला हे करायचं असतं, तर त्यानं खडे गुलाबी केलेच नसते. सतरा वर्षांत इथे या दिवसांत ते गुलाबी झालेले त्यानं पाहिले नाहीत. ही चूक ॲक्झिमच्या माणसाची आहे. तिथे समुद्राची हवा. उघडं भांडं दोन दिवसांत गुलाबी होणारच, असं त्याच्या हाताला ठाऊक. डॉक्टर, तुम्हीच मला या दिवसांना दमट म्हणालात. रक्त टिपता टिपता."

डॉ. एझोनलांचा चेहरा उतरला. मग ते समितीकडे न पाहता डुफीशी बोलू लागले, अगदी हळू आवाजात.

"रविवारी मी फक्त वास घेऊन बघणार होतो. सहा वर्षं दिली मी त्या स्टार्चला, डुफी. तुझी पदवी मी वाचवणारच होतो. अजूनही विचार कर. टेमाची नोकरी या स्टार्चसाठी आहे. ते गेलं की ती जागाच राहत नाही."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते, हे बोआडूला कळलं. ही मुलगी अराबाकडे आणि त्याच्याकडे आली होती ती पदवी आणि नोकरी दोन्ही वाचवायला. पैकी एक आता तिच्याच हातांनी जाणार होती.

"माझी आई वेंची गावात औषधं विकते," डुफी म्हणाली. "तिच्या दुकानाला पत्र्याचं छप्पर आहे. दुपारी आत उभं राहवत नाही. या गोळ्या तिथेच गेल्या असत्या, डॉक्टर. तापाच्या माणसांना तिनंच त्या दिल्या असत्या."

प्रोफेसर ग्यामेरांनी आरोप मागे घेतल्याचं सांगितलं आणि प्रयोगाचा निकाल काय धरायचा ते विचारलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. डुफीनं आपली वही पुढे ओढली, 'दमट कपाट, सहा आठवडे' यापुढे लिहिलेलं 'उत्तीर्ण' एका रेघेनं खोडलं आणि शेजारी 'नापास' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

"खाडाखोडीपाशी माझी सही लागेल ना, मॅडम?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सही केली.