लिंडसे येऊन गेला होता

ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची आहे. तिच्यात मीठमसाला घालायची मला इच्छा नाही. पटली तर पटली.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही भरदिवसा घडली. ऑगस्ट २०१३, शनिवार.

मी मर्ल. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणीच्या गावात जन्मले, इथेच म्हातारी झाले. माझा थोरला भाऊ लिंडसे चौतीस वर्षं इथल्या खाणीत जमिनीखाली होता. आमच्याकडे चहूकडे लाल धूळ. समुद्र गाडीने पाच-सहा तास लांब. खाणीतून सुटलेल्या माणसाला एकच वेड असतं... समुद्रकाठी एखादं छोटं घर.

लिंडसे आणि माझी वहिनी ग्लेनिस यांनी दोन वर्षं घरं बघितली. शहराजवळची परवडणारी नव्हतीच. मग योर्क द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरची गावं धरली, जिथे एक धक्का, एक दुकान आणि शंभर घरं असतात. एका गावात समुद्र दाराशी, पण डॉक्टर नाही. दुसऱ्यात डॉक्टर होता, पण ओहोटीला मैलभर नुसता चिखल.

लिंडसेची एक खोड होती. घर बघायला गेला की झाडू मागायचा आणि दांड्याने छत ठोकून बघायचा. खाणीत डोक्यावरचा दगड असाच ठोकतात. पोकळ वाजला की पळायचं. ग्लेनिसला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आपल्याला घर घ्यायचंय, बोगदा नाही," ती म्हणायची.

"तू समुद्रात उतरलीस की भरती येणार. छत भक्कम नको?" हा तिला चिडवायचा.

मे महिन्यात तो गेला. छातीत धूळ बसलेली होतीच. सकाळी चहा करायला उठला आणि स्वयंपाकघरातच कोसळला. त्याच्या पेटीवर मी माझ्या हाताने माती टाकली. हे मुद्दाम सांगते. तो गेला यात शंका नाही.

जुलैमध्ये ग्लेनिस म्हणाली, यादीतली चार घरं बघायची राहिलीत, तेवढी बघून टाकू. लांबची गाडी ती एकटी चालवत नसे. म्हणून मी बरोबर गेले.

पहिल्या घरी एक तरुण एजंट मुलगी होती. तिने दार उघडलं आणि आमच्या मागे, गाडीकडे बघितलं.

"तुमचे मिस्टर नाही आले?"

मी म्हटलं, ते नाहीत. मुलगी हसली. अहो, नऊ दिवसांपूर्वीच तर येऊन गेले, म्हणाली. उंच, डोक्यावर टोपी. नाव सांगितलं लिंडसे. घर आवडलं, पण बायको बघेल तेव्हा ठरवू म्हणाले.

दुसरा कुणी लिंडसे असेल. मी मनाशी असंच म्हटलं.

मग ती म्हणाली, "एक गंमत झाली. त्यांनी ना..."

"काय?"

"झाडू मागितला."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघींनी त्याचं नावही काढलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसरं घर. गाव दुसरं, एजंट दुसरा, साठीचा पुरुष. त्याच्याकडे लिंडसे तीन दिवसांपूर्वी आला होता. पायऱ्या किती आहेत ते मोजत होता म्हणे. बायकोचा डावा गुडघा दुखतो म्हणाला.

ग्लेनिसने पर्समधून फोटो काढला.

"हेच," एजंट म्हणाला. "छातीत खरखर आहे हो त्यांच्या. डॉक्टरला दाखवा एकदा."

मी मान वर केली.

पांढऱ्या छतावर... ओळीने सहा-सात गोल डाग होते. दांड्याच्या टोकाएवढे.

लाल धुळीचे.

त्या किनाऱ्यावर लाल माती नाही. सगळी पांढरी वाळू आहे.

तिसऱ्या घरी आम्ही अकराला पोचलो. एजंट बाई फाटकातच भेटल्या आणि हळहळल्या. अर्धा तास आधी यायला हवं होतं तुम्ही, म्हणाल्या. तासभर व्हरांड्यात बसले होते बिचारे. बायको येतेय, वाटेत आहे, असं सारखं सांगत होते. आत्ता उठून गेले. रस्त्यात दिसले असतील ना?

गावात शिरायला तो एकच रस्ता होता. आम्हाला कुणीही दिसलं नव्हतं.

व्हरांड्यात वेताची खुर्ची होती. तिच्यावरची उशी मध्ये दबलेली. ग्लेनिस वाकली आणि तिने उशीवर तळवा ठेवला.

बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"मर्ल," ती हळूच म्हणाली. "अजून गरम आहे."

मी हात लावला नाही.

नऊ दिवस. तीन दिवस. अर्धा तास. हिशोब आम्हा दोघींनाही कळला होता. गाडीत ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी लवकर निघू."

यादीत एकच घर उरलं होतं.

पुढचे पंधरा दिवस ग्लेनिस बदलली. केस कापून आली. जेवायला लागली. मला मात्र झोप येईना. ती त्याला भेटली तर पुढे काय? तो इथे राहायला थोडाच येणार होता. तिच्या जिवाची काळजी वाटते, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे की, तिच्याशिवाय मला कुणी नव्हतं.

त्या शनिवारी आम्ही पहाटेच निघालो. ग्लेनिसने लिपस्टिक लावली होती. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. अर्ध्या वाटेवर पीटरबरोच्या बेकरीत थांबलो. ती आत खिमा भरलेली पेस्टी घ्यायला रांगेत उभी राहिली. मी बाहेर गाडीपाशी आले आणि एजंटला फोन लावला. घर उघडून ठेवायला तो आधीच पोचला होता.

मी त्याला सांगितलं, वहिनीचा नवरा तीन महिन्यांपूर्वी वारला आहे. ती विचारेल की कुणी येऊन गेलं का. तुम्ही कृपा करून नाही म्हणा.

पलीकडून समुद्रपक्ष्यांचा कलकलाट तेवढा ऐकू येत होता.

"पण मॅडम..." तो म्हणाला. "ते इथेच आहेत. माझ्यासमोर. तुमचं नाव मर्ल का? ते विचारतायत."

मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"फोन देऊ त्यांच्याकडे?"

फोनमध्ये पावलं वाजली. लाकडी फळ्यांवरची. जवळ... आणखी जवळ...

मी फोन बंद केला.

माझा स्वतःचा भाऊ होता तो. लहानपणी ताप आला की माझ्या उशाशी बसून राहायचा. त्याला मी "हॅलो"सुद्धा म्हटलं नाही.

आत जाऊन ग्लेनिसला सांगितलं, एजंटचा फोन होता, घर काल विकलं गेलं.

"नक्की?"

"नक्की."

ती पेस्टीकडे बघत बसली. मग कागदी रुमाल घेऊन तिने ओठांवरची लिपस्टिक पुसली. सावकाश, सगळी. "चल, परत जाऊ," म्हणाली.

त्यानंतर वर्तमानपत्रात बघून आम्ही आणखी आठ-नऊ घरं पाहिली. प्रत्येक ठिकाणी ती एजंटच्या तोंडाकडे बघत राहायची. कुणीही येऊन गेलेलं नव्हतं. शेवटी ती थकली आणि जे परवडलं ते घर तिने घेतलं. समुद्र खिडकीतून दिसतो. ती म्हणते, बरं आहे. कधी कधी विचारते, "मर्ल, तो एकदम यायचा का गं थांबला?"

मी म्हणते, देव जाणे.

पण मला थोडं ठाऊक आहे. तिला कधी सांगितलं नाही, ते इथे सांगते.

त्या शनिवारनंतर महिनाभराने मी त्या चौथ्या घराच्या एजंटला पुन्हा फोन केला होता. मला राहवेना. तो म्हणाला, ते गृहस्थ अंधार पडेपर्यंत थांबले. मी घरी सोडतो म्हटलं, तर नको म्हणाले. "बायकोला उशीर झाला, ती घरीच राहिली असेल, मी बघून येतो," म्हणाले. मग ब्रोकन हिलचा रस्ता विचारला आणि निघाले.

"गाडीने?" मी विचारलं.

"नाही हो," तो म्हणाला. "चालत."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ग्लेनिस तिकडे समुद्रावर आहे. तिचं इथलं घर विकलं, तिथे आता दुसरी माणसं राहतात. गावात त्याच्या ओळखीचं दार एकच उरलंय. माझं.

कधी दुपारी वारा पडतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी दार लावून आत बसते... आणि कान बाहेर असतात.

एवढ्या लांबून चालत येईल तो. दारात उभा राहून विचारेल, ग्लेनिस कुठे आहे.

मी काय सांगू त्याला?