शंकरच्या डोळ्यातली फुगडी

डबा गोल, भिंती गुळगुळीत, वर दुधी झाकण. आतून ना आकाश दिसत, ना झाड. तरीही शंकर रोज संध्याकाळी उत्तरेच्याच बाजूला उड्या कशा मारायचा?

शंकर म्हणजे निळ्या गळ्याचा, चिमणीएवढा पाहुणा पक्षी. थंडीत नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर येतो, उन्हं तापली की हिमालयापलीकडे परत जातो. डब्यातल्या या शंकरचा पंख दुखावला होता. तनूची वासंतीआत्या पक्ष्यांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ होती; तिने तो बरा केला. त्याला दिशा कळते का, हे बघायला ती त्याला रोज संध्याकाळी या डब्यात ठेवायची. आज त्याला सोडायचं होतं. आणि नेमका आजच तो दिशा विसरला! इकडे उडी, तिकडे उडी.

"आत्या, असाच सोडला तर?"

"भरकटेल गं. आणि ठेवून घेतला, तर इथला उन्हाळा सोसायचा नाही त्याला."

तनूने डब्याजवळचं होकायंत्र पाहिलं. सुई उत्तरेकडेच, अगदी स्थिर.

"म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व जागेवर आहे," डब्याला टेकून उभा असलेला यंत्रमानव खटपट्या म्हणाला. "पक्षीच बावळट दिसतोय."

"तूच बावळट!" तनू फणकारली. "कालपर्यंत बरोबर होता की तो."

"त्याच्याकडे सुई नसतेच मुळी," आत्या म्हणाली. "त्याचं होकायंत्र डोळ्यात असावं, असा अंदाज आहे. अजून पुरता सिद्ध नाही हं झालेला. ऊठ, फुगडी घाल माझ्याशी."

"आत्ता?"

"आत्ता!"

दोघी गरगरल्या. "सांग, यात तुझी फुगडी किती, माझी किती?"

"अशी वेगळी कशी सांगणार? दोघींची मिळून एकच!"

"हेच ते! डोळ्यात उजेड पडला की इलेक्ट्रॉनच्या (अणूतल्या अतिसूक्ष्म कणांच्या) जोडीतला एक शेजारच्या रेणूवर उडी मारतो. पण गंमत बघ, हात सुटले तरी फुगडी मोडत नाही! दोघांची अवस्था एकत्रच सांगावी लागते. हिला म्हणतात क्वांटम गुंफण (कण दूर गेले तरी त्यांचं एकमेकांत गुंतलेलं असणं). पक्षी तोंड फिरवेल तसा पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे फुगडीचा ताल किंचित बदलतो. त्यावरून त्याला दिशा कळते. कदाचित दिसतसुद्धा असेल!"

"उत्तर दिशा... दिसते?" तनूचे डोळे विस्फारले. "पण कुणी फुगडीला धक्का दिला तर?"

"ताल चुकणार. साध्या रेडिओलहरीही (न दिसणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी) पुरतात. सुईला पत्ताही लागणार नाही."

तनू गर्रकन वळली. खटपट्या इतके दिवस दुरुस्तीला होता. नवी मोटार बसवून आज सकाळीच परतला होता! तिने आत्याचा जुना रेडिओ चालू करून त्याच्या पोटाशी धरला.

खर्रर्र!

"मी तर हूं की चूं केलं नाही!" खटपट्या म्हणाला.

"आवाज नाही रे, तुझ्या मोटारीच्या लहरी. बंद हो ना थोडा वेळ."

"मग तो उडताना मला दिसणार नाही."

"नाही दिसणार."

खटपट्या तिच्याकडे वळला. "दाब बटण."

त्याचे दिवे विझले. शंकर थबकला. एक उडी उत्तरेला. मग पुन्हा उत्तरेला. पुन्हा!

"आत्याऽऽ!"

"ओरडू नकोस, घाबरेल तो," म्हणत आत्या स्वतःच टुणटुण उड्या मारत होती.

सूर्य बुडाला. झाकण निघालं. शंकरने मान वाकडी केली, आणि भुर्रकन लव्हाळ्यांवरून सरळ उत्तरेला!

तो ठिपकाही दिसेनासा झाल्यावर तनूने बटण दाबलं.

"गेला?" खटपट्याने विचारलं.

"गेला. थंडीत येतील की सगळे परत."

"तेव्हाही मला बंद करणार?"

"छे! तोवर तुझ्या मोटारीला लहरी अडवणारं कवच बनवायचं. ऊठ, स्क्रूड्रायव्हर आण!"