चार चाळीसची नोंद

घाबरवायला म्हणून सांगत नाही. मी डेटाबेसवाला माणूस. आमच्या धंद्यात जास्त कल्पनाशक्ती असली की काम मिळत नाही. पण हे कुणाला तरी एकदा सांगून मोकळं व्हायचं आहे, आणि तुमचा चहा अजून संपलेला नाही.

एका इस्पितळाचं काम होतं. पेशंटांच्या नोंदींचा डेटाबेस त्यांच्याकडे होता, आणि त्याची रोज प्रत काढणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर त्यांनी दुसऱ्याच कंपनीकडून घेतलं होतं. दोघांचं पटत नव्हतं. त्यांचं सूत जुळवून द्यायला मला बोलावलं होतं. वर्दळ कमी म्हणून रविवारची दुपार ठरली. शिवाय माझे वडील, अप्पा, त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर होते. न्यूमोनिया उतरला होता, मंगळवारी घरी सोडणार होते. म्हटलं, एका खेपेत दोन कामं होतील.

सर्व्हर तळघरात होता. खोलीला खिडकी नाही, ओल्या पुठ्ठ्यांचा आणि फिनेलचा वास, आणि पंख्यांची अखंड घरघर. काम तसं सोपं. डेटाबेसमध्ये सतत काहीतरी लिहिलं जात असतं, आणि लिहिणं चालू असताना प्रत काढली तर ती अर्धवट निघते. म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरने आधी डेटाबेसला सांगायचं, थांब. मग प्रत काढायची आणि सांगायचं, आता चालू कर. मधल्या दोन-तीन मिनिटांत वॉर्डांतून आलेल्या नोंदी बाहेर रांगेत उभ्या राहतात आणि नंतर क्रमाने आत जातात. या दोन आज्ञा लिहून बसवायला मला तासभर लागला. पावणेचारला पहिली प्रत निघाली.

माझी एक खोड आहे. प्रत निघाली म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. ती वेगळ्या, रिकाम्या मशीनवर उघडायची आणि आपल्याला तोंडपाठ असलेली एखादी नोंद ताडून पाहायची. मला तोंडपाठ असलेला त्या इस्पितळात एकच पेशंट होता. अप्पांचं पान उघडलं. ताप, नाडी, गोळ्या, सगळं बरोबर. फक्त शेवटची ओळ मूळ डेटाबेसमध्ये नव्हती.

‘सायं. ४.४०. श्वास थांबला.’

तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी जिने धावत चढलो. अप्पा उशीला टेकून संत्रं सोलत बसले होते.

“तोंडावर बारा का वाजलेत? कुणाचं मशीन बिघडवलंस?”

सिस्टरच्या हातापाया पडून डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली, आणि माझ्याकडेच जरा काळजीने बघून निघून गेले. साडेचार झाले होते. मी खाली पळालो. हसू नका, पण मला येतं ते एवढंच. ती नोंद आतच गेली नाही तर... असा तो विचार. मी डेटाबेसला सांगितलं, थांब. आणि पुन्हा चालू करणारी आज्ञा काढून टाकली. तो थांबताच बॅकअपच्या सॉफ्टवेअरने ठरल्याप्रमाणे दुसरी प्रत काढायला घेतली. मी त्याला अडवलं नाही.

चार चाळीस झाले, मग चार पन्नास. फोन वाजला नाही. मी त्या खोलीत एकटाच मोठ्याने हसलो आणि वर गेलो.

वर फार शांत होतं. वॉर्डच्या टोकाला प्रसूतीची खोली होती आणि तिच्या दारात सिस्टर भिंतीला धरून उभी होती.

“बाळाचं डोकं दिसतंय...” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि कळाच थांबल्या. अशा थांबत नाहीत हो कधी...”

अप्पा तसेच बसले होते. हातात सोललेलं संत्रं. मी त्यांचं मनगट धरलं. गार होतं. नाडी सापडेना. मी दोन्ही हातांना शोधली.

“दुखत नाही रे,” ते म्हणाले. ओठ हलत होते, छाती हलत नव्हती. “काहीच होत नाही...”

“अप्पा, बोलू नका.”

“ती बाई मघापर्यंत ओरडत होती. आता ओरडत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खाली काही अडवून ठेवलंयस का तू?”

मी त्यांच्या हातातलं संत्रं काढून बशीत ठेवलं. लहानपणीही पकडला गेलो की मी असंच काहीतरी आवरायला घ्यायचो, हे त्यांना ठाऊक होतं.

“जा,” ते म्हणाले. “तिला मोकळं कर.”

मला जायचं नव्हतं, हे स्पष्टच सांगतो. परक्या बाईच्या परक्या बाळासाठी मी माझा बाप का द्यावा, असंच माझ्या मनात होतं. ते माझ्याकडे बघत राहिले म्हणून मी उठलो. पाच वाजून आठ मिनिटांनी मी डेटाबेस चालू केला. रांगेतल्या नोंदी एकामागून एक आत गेल्या. त्यात अप्पांची पुढे होती. शेवटची होती, ‘मुलगी झाली. रडली.’

वर पोचेपर्यंत सिस्टरने अप्पांच्या तोंडावर चादर ओढली होती. पलीकडून बाळाचं रडणं येत होतं. मीही रडलो.

नियमाप्रमाणे जुनी प्रत तीस दिवसांनी पुसायची असते. अडवलेल्या वेळात निघालेली ती दुसरी प्रत पुसण्याआधी मी खोडीप्रमाणे एकदा उघडली. प्रतीत कुणी काही लिहू शकत नाही. तिला ना वॉर्ड जोडलेला असतो, ना माणूस. अप्पांच्या पानावर चार चाळीसची ओळ नव्हती. त्याऐवजी होतं, ‘५.०६. मुलगा खाली गेला.’ आणि त्याखाली रोजची एकेक ओळ, अगदी मी प्रत उघडली त्या दिवसापर्यंत.

पुसू का, असं सॉफ्टवेअर दर महिन्याला विचारतं. मी नाही म्हणतो. काल उघडली होती. कालच्या तारखेची ओळ अशी होती, ‘नाडी नाही. श्वास नाही. मुलगा अजून वर आला नाही का, विचारतात.’