ओढलेला हँडब्रेक

तापीवरच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर योगेंद्रचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांचे जाम झालेले भाग सोडवावेत ते त्यानंच, असं सगळे म्हणत. आणि तो त्या सगळ्यांना मूर्ख म्हणे. गाडी चालवणारे मूर्ख, खेड्यातले महामूर्ख, आणि गावातले बाकीचे मिस्त्री तर नुसते पाने वाजवणारे.

त्या दुपारी तुकईथडच्या रंभाबाईनं ट्रॅक्टरला बांधून एक जीप फरफटत आणली. हँडब्रेक ओढलेलाच जाम झाला होता. मागची चाकं डांबरावर घासून टायर जळाले होते. केळीच्या बागेत कित्येक वर्षं उभी होती, आता मुलाला हवी आहे, असं तिनं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ठोकू नका भाऊ. तेल टाका, अन् वाट पाहा... तो मनानं सोडीन."

"गंज आहे हा, मावशी. रुसलेला जावई नाही."

ती हातपाय धुवायला तापीवर गेली.

योगेंद्रनं डिझेल ओतलं, गॅसची ज्योत लावली, हातोडा घेतला. तेवढ्यात वीज गेली. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट एकदम थांबली. हँडब्रेकचा गंजलेला दांडा एक तर हलतो, नाहीतर हलत नाही. हा हलायचा... आणि हळूच परत जागेवर यायचा. तापल्या लोखंडातून केस जळल्यासारखा वास येत होता. शिवी हासडून त्यानं शेवटचा घाव घातला, आणि दांडा सुटून खाली बसला.

तो हसला. "सुटला तुझा जावई!"

ब्रेकची तार तपासायला तो गाडीखाली शिरला. चाकाला वीट लावणं हे घाबरटांचं काम, असं तो मानायचा. जमीन उताराची, गिअर न्यूट्रलमध्ये. जीप सरकली. मागचं चाक त्याच्या सदऱ्यावर चढलं, बरगडीला टेकलं. ओरडायला छातीत हवा उरली नव्हती.

वर, रिकाम्या गाडीत, दांडा कुणीतरी ओढला. कट्... कट्... कट्.

चाक थांबलं.

रंभाबाई परतली तेव्हा तो फाटक्या सदऱ्यानिशी उंबऱ्यावर बसला होता. चारी चाकांना विटा लावलेल्या होत्या.

"मावशी... यात कोण वारलं होतं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. असीरगडच्या उतारावर पायाचा ब्रेक गेला तेव्हा घरच्या सगळ्यांनी उड्या टाकल्या होत्या, गाडी चालवणाऱ्या तिच्या मालकांनीसुद्धा. धावत खाली जाऊन पाहतात तर रिकामी गाडी दरीच्या तोंडाशी उभी, आणि हँडब्रेक ओढलेला.

"मग ओढला कुणी?"

खिडकीतून हात घालून तिनं दांडा अलगद खाली केला. तो लोण्यासारखा उतरला. गाडी बाहेर काढून द्या म्हणाली.

योगेंद्रनं ड्रायव्हरचं दार उघडलं, एक पाय आत टाकला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"दम धरा भाऊ," ती पुटपुटली. "त्याला पलीकडं सरकू द्या..."

आत सीटची स्प्रिंग सावकाश कुरकुरली.