गुळव्याच्या दोन सह्या

नवऱ्याने जेवणाला नावं ठेवणं सोडलं, ही काय बाईमाणसाने तक्रार करायची गोष्ट आहे? पण शालनबाईंचा त्यानेच जीव जळत होता. अडतीस वर्षांत कृष्णातने एक भाकरी मुकाट गिळली नव्हती. आमटी अळणी, ठेच्यात दम नाही, भाकरीला पापुद्रा सुटला नाही. आणि आता दोन महिने पुढ्यात पडेल ते खायचा आणि म्हणायचा, "चालतंय."

शालनबाईंनी एकदा आमटीत मीठ घातलंच नाही. "चालतंय." दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. तरी "चालतंय"च. मेल्या माणसाला वाढल्यासारखं झालं त्यांना.

कृष्णात साधा माणूस नव्हता. काहिलीत उसाचा रस आटला की पाक नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा तो गुळव्या, आणि वारणाकाठच्या सात गावांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. पाक पाण्यात टाकून गोळी करायची, जिभेवर ठेवायची आणि ओरडायचं, "उतरवा!" ती जीभ त्याला आवरता आली नाही. त्यात साखरेचा आजार जडला. इन्सुलिनची सुई आठवली तर घ्यायचा, काहिलीच्या नादात विसरायचाच जास्त. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

तेव्हा, दोन महिन्यांपूर्वी, तालुक्याच्या डॉक्टर शिकलगार बाईंनी त्याच्या दंडाच्या कातडीखाली तांदळाएवढी कुपी बसवली. तिच्यातून नवं औषध आपोआप पाझरायचं, आणि डॉक्टरांना ते बाहेरूनच बंद-सुरू करता यायचं. साखर ताळ्यावर आली, जखम भरली. आणि गेल्या मंगळवारी कृष्णातने काहीलभर पाक जाळला. गडी ओरडत होते, हा शेजारीच बसलेला. "हुईल की दुसरा," म्हणाला.

शालनबाईंनी त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

"काय भरलंय ओ बाई त्या कुपीत?"

"मावशी, पोटात स्वादुपिंड असतं. त्यातल्या पेशी इन्सुलिन सोडतात. त्या पेशींवर बारीक कुलपं आहेत. गांजा ओढला की त्यातलं द्रव्य त्याच कुलपांत किल्लीसारखं बसतं."

"गांजा? आमच्या घरात तंबाखूबी कुणी मळत न्हाई!"

"ओढावा लागत नाही. तशाच किल्ल्या आपलं शरीर स्वतःच घडवतं. काकांच्या अंगात त्या फार झाल्या, म्हणून पेशी इन्सुलिन सोडताना अडायच्या. आपण कुलपांत जणू मेण भरलं. किल्ली लागतच नाही."

"मग जीभ का मेली?"

डॉक्टरांनी आपल्या कपाळावर बोट टेकवलं. "तीच कुलपं मेंदूतही आहेत. भूक, चव, खाल्ल्याचा आनंद, सगळं तिथं. औषध वर चढू नये असं बनवलंय. हजारात एखाद्याला चढतं."

"आणि त्यो एखादा नेमका माझ्याच पदरात!"

औषध दहा दिवस थांबवून बघता येईल, पण निर्णय पेशंटचा, डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कृष्णातपुढे कागद ठेवला. त्याने 'सुरू ठेवा'समोर सही केली. शालनबाईंनी डोळे वटारले तसं म्हणाला, "हिला वाटतंय तर दहा दिस थांबवा. चालतंय."

नवव्या दिवशी गुऱ्हाळावरून कृष्णातची आरोळी आली. "कुणी उतरवला ह्यो पाक? गूळ म्हणायचा का चिखूल?" घरी येऊन त्याने आमटीचा घोट घेतला आणि वाटी आपटली. "आमटी हाय का वारणेचं पाणी?" शालनबाई चुलीकडे तोंड करून हसल्या, आणि पदराने डोळे पुसत आणखी तिखट टाकलं.

रात्री त्याचे पाय धुताना त्यांचा हात थांबला. तिसऱ्या बोटाच्या कडेला काळसर डाग होता.

दहाव्या दिवशी दवाखान्यात साखर निघाली तीनशे चाळीस.

"कुपी आजच सुरू करायला हवी," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर या खेपेला बोटावर भागायचं नाही."

"मग सुईच नेमानं द्या की," शालनबाई म्हणाल्या.

"मी न्हाई घेणार नेमानं, तुला ठावं हाय," म्हणत कृष्णातने कागद ओढला आणि 'बंद करा'समोर अशी दाबून सही केली की कागदाला भोक पडलं. "पाय गेला तर बसून पाक उतरवीन. पण त्या बधिर रेड्यागत परत जगणार न्हाई!"

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नाव एकच, वळण एकच. "मावशी, मी यातली खरी कुठली धरू?"

शालनबाईंना वाचता येत नव्हतं. पण एक सही झोपलेली आणि एक भांडायला उठलेली, एवढं त्यांना दिसलं. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"सुरू ठेवा म्हणणारा माझा नवरा नव्हता, पण त्याला अक्कल हुती. बंद करा म्हणणारा माझाच नवरा हाय, आणि त्याला अक्कल कधीच नव्हती. आता तुमीच सांगा, मी ऐकू कुणाचं?"