सारखी केलेली वाळू

भूत म्हटलं की लोकांना लगेच अंधार हवा असतो. ही गोष्ट दिवसाढवळ्याची आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण शेवटचा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडलाय, तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नका.

मला दोन मामा. धाकटा व्यावसायिक गोल्फर. थोरला त्याचा कॅडी, म्हणजे त्याची बॅग खांद्यावर टाकून दिवसभर त्याच्यासोबत मैदान तुडवणारा.

चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला, की कॅडीचं काम वाढतं. खेळाडू फटका मारून पुढे जातो. कॅडी मागे थांबतो आणि दाताळ्याने पायांचे ठसे पुसून वाळू सारखी करतो. मागून येणाऱ्याचा चेंडू ठशात अडकू नये म्हणून.

थोरला मामा हे फार मन लावून करायचा.

"अरे दादा, गादी घालतोयस का झोपायला? चल की!" धाकटा ओरडायचा.

"तू हो पुढे. पसारा तुझा, आवरायचं मी," थोरला हसून म्हणायचा.

तर तो दिवस. पात्रता स्पर्धेचा शेवटचा दिवस, रणरणती दुपार. मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना मिळणार होता. त्याला 'कार्ड' म्हणतात. कितीतरी वर्षं त्या कार्डाने धाकट्या मामाला हुलकावणी दिली होती.

मध्येच थोरला थांबला. "छातीत कसंतरी होतंय रे. जरा टेकू का?"

"आत्ता? दादा, आता नाटकं नकोत हं. वेळ काढला तर दंडाचा फटका बसेल."

थोरल्याने मुकाट्याने बॅग उचलली.

शेवटच्या होलला चेंडू बंकरमध्ये गेला. मामाने तो झकास बाहेर काढला आणि पट मारायला, म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायला, पटर घेऊन तो ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर गेला. थोरला वाळू सारखी करायला मागे राहिला.

ग्रीनवरून मामाने सहज मागे पाहिलं...

थोरला वाळूत बसला होता.

नुसता बसला होता.

मामाने ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि मग वाकून पट मारला. तो चुकला. दुसरा मारला. चेंडू आत गेला.

मग तो धावला.

कार्ड मिळालं. दादा गेला.

घरी त्याने सगळ्यांना एकच सांगितलं. "मला दिसलाच नाही हो वहिनी. दिसला असता तर..."

थोरल्या मामीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "भाऊजी, तुमचा काय दोष?"

त्या हाताखाली मामा मेल्याहून मेल्यासारखा झाला. खरं काय ते त्याने फक्त मला सांगितलं, तेही फार उशिरा.

पुढच्या मोसमात एका सकाळी तो एकटाच सराव करत होता. धुकं होतं. बंकरमधून फटका मारून तो बाहेर आला, आणि मागून आवाज आला...

खर्र... खर्र...

वळून पाहिलं तर कुणी नाही. दाताळं गवतावर जिथे होतं तिथेच पडलेलं.

पण वाळू सारखी. एकही ठसा नाही.

मामा पुन्हा आत उतरला. मुद्दाम पाय आपटत चालला. बाहेर आला आणि पाठ करून उभा राहिला.

खर्र... खर्र... खर्र...

या वेळी वळून बघायची त्याची छाती झाली नाही. तडक गाडीत जाऊन बसला.

मग हे स्पर्धांतही सुरू झालं. नव्या कॅडीला सगळे लंबू म्हणायचे. तो एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, वाळू तुम्ही कशाला सारखी करता? मी काय नुसता हवा खायला येतो का?"

मामा कुठला सारखी करतोय? कप्पाळ!

त्याने एकच ठरवलं, बंकरच्या जवळपास चेंडू जाऊच द्यायचा नाही. लोक म्हणायला लागले, काय अचूक खेळतो हा! अचूक कसला, जीव मुठीत धरून खेळत होता बिचारा. आणि गंमत बघा, त्या भीतीने तो वर वर चढत गेला. जितकं नाव होत होतं तितकं त्याला अन्न गोड लागेनासं होत होतं.

शेवटी तो दिवस आला. मोठी स्पर्धा, शेवटचा होल. चेंडू बंकरमध्ये गेलाच. मामाने तो बाहेर काढला. लंबूने वाळू सारखी केली आणि तो ग्रीनवर येऊन झेंडा धरून उभा राहिला. आता एक पट बाकी. तो आत गेला की मामा पहिल्यांदा जिंकणार होता.

मामा वाकला...

आणि एकदम सगळं गप्प झालं. लोकांची कुजबुज नाही, पाखरांचा आवाज नाही. झेंडा फडफडत होता, पण त्याचाही आवाज नाही.

मामाने मागे पाहिलं.

वाळूत कुणीतरी बसलं होतं.

"दादा!"

पटर फेकून मामा धावत सुटला. हजार माणसं बघत होती. त्याने बंकरमध्ये उडी मारली, मधोमध पोचला आणि गुडघ्यांवर कोसळला.

तिथे कुणी नव्हतं.

लंबू धापा टाकत काठाशी आला. "साहेब, अहो, इथे कोणी नाहीये. उठा. एक पट राहिलाय."

मग त्याची नजर वाळूवर गेली. त्याची बोबडीच वळली.

"साहेब... तुम्ही आत आलात... कुठून?"

मामाने मागे पाहिलं. काठापासून त्याच्यापर्यंत वाळू सारखी होती. त्याचा स्वतःचा एकही ठसा नव्हता.

तो पट मामाने मारलाच नाही. चेंडू उचलून खिशात घातला, माघार घेतली आणि मला फोन केला. "मला वहिनीकडे ने. एकट्याने नाही जमायचं."

ऊन उतरायच्या सुमाराला आम्ही पोचलो. मामी स्वयंपाकघरात कप विसळत होती. मामा दारातच उभा राहिला.

"वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो. दादा वाळूत बसलेला मला दिसला होता. मी आधी पट मारला."

मामीचे हात थांबले नाहीत.

"एक पट चुकल्यावर तुम्ही परत बघितलंत," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा त्यांनी हात वर केला होता. तुम्हाला बोलावलं. तुम्ही मान खाली घातलीत."

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. हे तर त्याने मलाही सांगितलं नव्हतं. आणि तिथल्या बाकी सगळ्यांची नजर तेव्हा चेंडूवर होती.

"वहिनी... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचा आवाज चढला होता. मामीने चटकन ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं.

"हळू बोला भाऊजी. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मामीचा चेहरा मात्र रोजच्यासारखा होता. तिने हात पुसले.

"कधीचे वाट बघताहेत तुमची. जा ना आत."

मामा दाराकडे बघत राहिला. चार पावलांवर दार. मला वाटलं, आता तो जाईल. ज्याच्यासाठी हजार लोकांसमोर हातातला विजय टाकून धावला, त्याच्याकडे जाईलच.

मामाने मान खाली घातली आणि मला म्हणाला, "चल, निघू या."

आम्ही निघालो. मामाने गोल्फ सोडलं, त्यावर आम्ही बोलत नाही. मामी अजून त्याच घरात राहते. अगदी धडधाकट आहे, वेड वगैरे काही लागलेलं नाही. अधूनमधून तिचा फोन येतो.

"भाऊजी कधी येताहेत रे?" ती विचारते.

मी म्हणतो, बघतो.